दोन सीटांची गाडी

आमच्या बावड्यातले खताचे एक दुकानदार दोन वर्षं छत उघडणारी गाडी निवडत होते. जुनी घ्यावी की नवी, लाल की पिवळी, हे ते युरिया न्यायला आलेल्यालाही विचारत. वेगाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "बंद गाडीत काच खाली करस्तवर माणूस मागं ऱ्हातो," ते म्हणत. "उघड्या गाडीतनं राम राम कसा सरळ पोचतो!"

शेवटी बारामतीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं लाल टू-सीटर दिवसभर चालवून बघायला दिली. मला शेजारी बसवून ते निघाले. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा सतत वर. ओळखीचा असो वा नसो, सगळ्यांना राम राम. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं तर घाबरून ट्रॅक्टर कडेला घेतला. पुढं पुढं मीही लाजत हात करू लागलो.

इंदापूरच्या चौकात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीनं गाडी थांबवायला हात केला. यांनी कचकन ब्रेक मारला.

"बावड्याला का, मावशी? या की!"

"अहो, सीटा दोनच आहेत," मी हळूच म्हणालो.

ते माझ्याकडे फार आदरानं बघत राहिले. मी उतरलो.

एसटीनं बावड्यात पोचलो, तर ते स्टँडवर माझीच वाट बघत होते.

"गुरुजी, कशी वाटली गाडी?"

"इंदापूरपर्यंत झकास."

ते गंभीर झाले. "मग न्हाय घेत. दर टायमाला तुमाला उतरवणं बरं दिसत न्हाय."