किनवटहून आणलेल्या डोळकाड्या

१. आजोबांच्या बागेतल्या संत्र्याचं एकच झाड उरलंय, किनवटजवळ मावशीच्या अंगणात.
२. त्यातली एकच फांदी संत्र्याची आहे. ती वाळतेय.
३. तिच्या सात डोळकाड्या, म्हणजे कलमासाठी डोळे असलेल्या काड्या, मी लातूरला आणल्या आहेत.

भूकंपानंतर आजोबांचं गाव हलवलं, विहीर बुजली, बाग गेली. मावशीनं त्याआधीच एक कलम सासरी नेलं होतं. बाजारातल्या प्रत्येक नागपुरी संत्र्याला आई म्हणते, "हा तो नव्हे." मी फळबागशास्त्र शिकले आहे. मावशीकडचं झाड तेच का, याची खात्री करायला निघाले.

लातूर–नांदेड एसटी गाद्या-बादल्यांनी भरलेली. शेजारी एक मुलगी लातूरचा क्लास सोडून नांदेडच्या क्लासला निघालेली.
"फिजिक्स तिथं चांगलं हाय म्हनतेत," तिचे वडील.
"पप्पा, मेस इथली बरी होती."
"खायला चाललीस का शिकायला?"

पुढं किनवटला रेल्वेनंच जा. भोकरनंतर रस्ता उखडलाय. डाव्या-उजव्या खिडकीचा विचार करू नका, हिमायतनगर सुटलं की दोन्हीकडे साग. मी मात्र दोनदा जागा बदलली. स्टेशनबाहेर मिरचीभजी खाल्ली, जीप भरायची वाट पाहिली.

झाड हिरवंगार होतं. लांब काटे, जाड सालीची फळं. संत्रं नव्हे, जंभेरी लिंबू. ज्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात, तो खुंटच फुटून झाड झाला होता. पश्चिमेला संत्र्याची एक बारीक फांदी, बुंध्याशी रोगाचा डिंक.

"मावशी, खुंटाचे फुटवे तेव्हाच काढायचे असतात."
"म्हाईत हाय मला. तुझ्या आजाचीच लेक हाय मी."
"मग?"
"गाव पडलं त्याच साली फुटलं हे. त्या साली हिरवं काही तोडवलं न्हाई बाई." मग माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "शिक्षान येवढं मोठं, अन् चाकू येवढासा?"

फांदी तिनंच वाकवून धरली. मी कापत असताना ती दुसरीकडे बघत होती.

ओल्या फडक्यातल्या काड्या मांडीवर घेऊन परतले. झोप लागली नाही. घरी आईनं एक पान चुरगाळलं, हुंगलं, आणि फ्रिजमधलं दूध बाजूला सारून काड्यांना जागा केली.

लातूरच्या दोन रोपवाटिकांत तयार कलमं आहेत, नुसता खुंट नाही. मावशीच्या फळांतलं बी पेरलं आहे, पण ती रोपं डोळा भरण्याजोगी व्हायला वर्ष जाईल.

लातूर किंवा नांदेडात कुणाकडे पेन्सिलीच्या जाडीची जंभेरीची रोपं असतील, तर येत्या रविवारपर्यंत खाली लिहा. न्यायला मी येईन. त्यानंतर डोळे जगतीलच असं सांगता येत नाही.