मेल्याला कोणी विचारलंच नाही

हल्ली जाणकार मंडळी ज्या इटालियन भुताच्या सिनेमाला अभिजात म्हणतात आणि ज्याच्यावर जाडजाड लेख लिहितात, तो मी नववीत असताना आईच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाहिला. जमिनीवर बसून, मांडीवर शेजारणीचं पोर, पाठीला कुणाचीतरी लसणाची पिशवी. पुढे मोठेपणी मी ते लेखही वाचले. लिहिणाऱ्यांपैकी एकालाही तो सिनेमा कळलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. आम्हाला कळला होता.

आई नर्स होती. धानोऱ्याच्या पुढे, डांबर संपून जंगल सुरू होतं तिथल्या दवाखान्यात. बाबा चिमूरला मास्तर, महिन्यातून एकदा घरी येणारे. त्यामुळे घरात आईचं राज्य आणि दादाचा उच्छाद. दादा त्या हिवाळ्यात मॅट्रिक पास झाला, तिसऱ्या खेपेला. आधी दोन्ही वेळा इंग्रजीने त्याला खाली पाडलं होतं. आईने बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, खीर केली आणि एका दिवसासाठी व्हीसीआर आणायची परवानगी दिली. तिला वाटलं, पोरगं एखादा घरगुती सिनेमा आणेल.

दादा गडचिरोलीहून टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आला, तेही दवाखान्याच्या जीपमध्ये, लसींच्या खोक्यांना खेटून. सोबत दोन हिंदी कॅसेटी होत्या. तिसरी दुकानदाराने वरून दिली होती. तिच्यावर नाव नव्हतं. "इंग्लिश हाय," असं म्हणून दुकानदाराने डोळा मारला होता. त्या काळात आमच्याकडे ‘इंग्लिश’ याचा अर्थ एकच होता आणि त्याचा भाषेशी काही संबंध नव्हता. दादाचे कान तापले असणार. दुपारी आई ड्यूटीवर गेली की मित्राला घेऊन दार लावून बघायची, असा त्याचा बेत ठरला.

पण तो बाजाराचा दिवस होता हे हा शहाणा विसरला. दवाखान्यासमोरच्या झाडांखाली आठवडी बाजार भरायचा. दादाने खिडक्यांवर दवाखान्याची लाल ब्लँकेटं टांगताच अख्ख्या बाजाराला कळलं की बाईंच्या घरी सिनेमा आहे. बाया टोपल्यांसकट आत आल्या. म्हातारे आले. एक कोंबडाही आला, पाय बांधलेला. दादा म्हणाला, "हा सिनेमा चांगला नाई, बाई. तुमच्या कामाचा नाई." एक म्हातारी पाय पसरत म्हणाली, "आमी का घरी चांगलंच पाह्यतो का रे बापू? लाव."

दादाने हिंदी कॅसेट लावली, तर मशीनने तिची फीत चावली. दुसरीतून पडद्यावर नुसता ठिपक्यांचा पाऊस. उरली ती नाव नसलेली. लोक उठायला तयार नव्हते. दादाने ती लावली आणि स्विचजवळ उभा राहिला. बाई पडद्यावर जरा जरी उघडी दिसली तरी लाइट गेली म्हणून ओरडायचं, अशी त्याची तयारी.

आधी नावं आली. सगळी ओकारान्त, ईकारान्त. "सिरोंच्याकडचे तेलुगू दिसून राह्यले," कुणीतरी म्हणालं. मग एक बेट दिसलं, नारळ, एक मोडका दवाखाना, दाढी वाढलेला डॉक्टर. आमच्या लोकांना तिथपर्यंत काहीच परकं वाटलं नाही. मग जमीन हलली आणि मातीतून एक सडका हात वर आला. बायांनी किंकाळी फोडली. दादाने मात्र सुटकेचा श्वास टाकला. मढं पाहून एवढं हायसं वाटलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता प्रश्न भाषेचा. खोलीत इंग्रजी पास झालेला एकच प्राणी होता. "काय म्हनते तो?" लोक विचारत आणि दादा सांगे. माणसांचे ओठ एक बोलत, आवाज भलताच निघे, त्याचा त्याला फायदाच झाला. डॉक्टर काहीतरी ओरडला की दादा म्हणे, "गोळ्या संपल्या म्हनते." तो पुन्हा ओरडला की, "जिल्ह्याहून आल्याच नाई म्हनते." सगळे मान डोलावत. तो अर्ध्या तासात संवादलेखक झाला होता. मेलेल्यांवर पेटते बोळे फेकले तरी ते चालतच राहिले, तेव्हा म्हातारी म्हणाली, "मेलेलं कोंबडं आगीले भीत नाई." खोलीतला जिवंत कोंबडा तेवढ्यात फडफडला आणि अर्धी खोली हसून लोळली.

आई डबा घ्यायला घरी आली आणि दारातच थबकली. तिने दादाला झोडपलं असतं, पण पडद्यावर डॉक्टर एका प्रेताला हात लावत होता. "हातमोजे कुठे आहेत मेल्याचे?" ती म्हणाली आणि बसली.

दवाखान्याचा शिपाई तिच्यामागून आला होता. तो दाराशीच उभा राहिला, कारण आत त्याची वहिनी बसली होती. बाजाराला आलेली, मिरच्यांची टोपली पुढ्यात घेऊन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यांच्या घरचं भांडण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. शिपाई गोंड, चार कोसांवरच्या गावचा. तो आणि त्याचा थोरला भाऊ शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका मोहाच्या झाडावरून भांडले. माझं की तुझं. बोलणं बंद झालं. पावसाळ्यात थोरल्याला हिवताप झाला. दवाखान्यात औषध होतं, पण दवाखान्याच्या दाराशी स्टुलावर धाकटा बसलेला. थोरला आला नाही. घरीच वारला.

त्याला पुरलं, पण दगड उभा झाला नाही. त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणे मेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात, सगळं गोत जमतं, तेव्हा तो आपल्या पूर्वजांत जाऊन बसतो. त्या दगडाला भावाचा हात लागावा लागतो. धाकटा जात नव्हता. "जो माह्या दारात औषधाले आला नाई, त्याच्या दगडाले मी काऊन जाऊ?" असं तो आईला म्हणाला होता. तोवर थोरला ना इथला ना तिथला. वहिनीने आईकडे दोनदा रडून सांगितलं होतं, शिपायाला समजवा म्हणून. आईने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तर सिनेमात एका बाईचा मेलेला नवरा घरात शिरला. बाई भिंतीला चिकटून किंचाळत होती. त्याचा हात तिच्या खांद्यावर पडला आणि खरंच लाइट गेली.

अंधारात कुणी उठलं नाही. वहिनीचाच आवाज आला, "तो तिचा नवरा हाय ना?"

"हाय ना. आत्ताच तं पुरला त्याले."

"मंग बोंबलून काऊन राह्यली? विचारावं ना त्याले, काऊन आला म्हनून."

खोलीने तिची बाजू उचलून धरली. पुरला अन् गेले निघून, ना जेवण, ना दगड, उठन नाई तं काय करन, असं म्हातारी म्हणाली. त्या बेटावरच्या लोकांची अशी अक्कल निघाली की मला त्यांची कीव आली. एवढे बंदूकवाले, एवढा शिकलेला डॉक्टर, आणि पाहुण्याला साधं ‘काय पाहिजे’ विचारायची रीत नाही.

मग दारातून शिपायाचा आवाज आला. "बापू, त्याले बोलता येत नाई, का कोनी विचारतच नाई?"

प्रश्न दादाला होता. अख्खी दुपार थापा मारलेला माझा भाऊ अंधारात दाराकडे वळला. मग म्हणाला, "कोनी विचारतच नाई."

लाइट आली तेव्हा दारात शिपाई नव्हता. सिनेमा पुढे चालला, शेवटी मेले जिंकले आणि आम्हाला ते बरोबरच वाटलं. आईने रात्रीपर्यंत दादाशी अबोला धरला आणि कॅसेट स्वतः नीट गुंडाळून परत पाठवली.

मोह पडायला लागला तेव्हा त्या झाडाखाली एकटी वहिनीच फुलं वेचताना दिसली. शिपाई फिरकला नाही. आणि उन्हाळ्यात एक दिवस तो आईसमोर येऊन उभा राहिला. "बाई, सुट्टी पाह्यजे. दगड हाय भावाचा."

आईला एवढा आनंद झाला की तिने तो लपवायला त्याच्यावर खेकसून घेतलं. "इतके दिवस काय झालं होतं?"

"उठून आला तं पहिले माह्याच घरी येईन ना तो," शिपाई म्हणाला. आई हसली. तो हसला नाही.

आम्ही तिघं गेलो. दगड चांगला माझ्या छातीइतका होता. गोतातल्या माणसांनी तो लाकडी बल्लीला बांधून आणला, शिपायाने पुढचं टोक धरलं होतं. ढोल वाजत होते. दगड उभा राहिला, पायाशी माती दाबून झाली. बाकीचे मागे सरले. तो तिथेच उकिडवा बसला आणि दगडाशी गोंडीत बोलू लागला. आईला दवाखान्यापुरती गोंडी येत होती. तिने हळूच आम्हाला सांगितलं, "मोह तुझाच, म्हणतोय. आणि विचारतोय, औषधाला का नाही आलास."

विचारून तो थांबला. खरोखर थांबला, उत्तर यायचं असल्यासारखा. ढोलवालेही थांबले. वहिनी पदर तोंडात धरून उभी होती. मला राग आला, दगडाचा, की एवढं विचारतोय तर बोल ना.

मग शिपाई मागे वळला. त्याने गर्दीत माझ्या भावाला शोधलं.

"बापू," तो मराठीत म्हणाला, "काय म्हनते?"

दादा पांढराफटक पडला. आईने त्याचं मनगट धरलं, पण तो पुढे झाला. दगडासमोर उभा राहिला, सिनेमातल्यासारखाच मन लावून ऐकल्यासारखं केलं.

"म्हनते," दादा म्हणाला, "येनारच होतो."

शिपायाने मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

"हं," तो म्हणाला. "तसाच होता तो. नेमी उशीर."