विश्वकर्मापूजेचा झोका

विमा कंपनीच्या वतीने मी क्रेन तपासते. क्रेन, साखळ्या, लिफ्ट, जे जे म्हणून वजन उचलतं ते सगळं. आमच्या दिल्लीतल्या नातेवाइकांना हे अजून कळलेलं नाही. कुठल्याही लग्नात "ही विम्याचं बघते" अशी ओळख करून देतात आणि लगेच कुणीतरी पॉलिसीचं विचारतं. माझं डोकंच फिरतं.

विश्वकर्मापूजेचा दिवस मी मुद्दाम मागून घेते. एरवी फरीदाबादच्या कारखान्यांत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी. धुऊन-पुसून, गंध लावून, झेंडूचे हार घालून ती गप्प उभी असतात. छपराच्या फटींतून ऊन उतरतं, त्यात उदबत्तीचा धूर सावकाश वर चढत राहतो. अशा शेडमधून चालताना मला आपण जागे आहोत की नाही तेच कळेनासं होतं. पावलंसुद्धा आपोआप हळू पडतात.

त्या वर्षी एका फोर्जिंगच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवण्याच्या, कारखान्यात पहिल्यांदाच गेले होते. पूजा नुकतीच आटोपली होती. कामगारांच्या घरची मंडळी आली होती, पोरं नव्या कपड्यांत हुंदडत होती. मोठ्या क्रेनचा हूक माणसाच्या उंचीवर आणून ठेवला होता, आणि शेजारी फुलं गुंडाळलेला लाकडी झोका तयार होता. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे बाऊजी म्हणत, कौतुकाने सांगायला लागले, की दर पूजेला या हूकला झोका बांधतो, पहिला मान नातीचा, मग सगळ्या पोरांचा. नात झोक्याची दोरी हातात धरूनच उभी होती. मी जवळ जाऊन बघितलं. हूक नखशिखांत केशरी ऑइलपेंटने रंगवलेला, वर कुंकवाचं स्वस्तिक. मी कपाळाला हात लावला. अहो, रंगाच्या थराखाली भेग असली तर ती दिसणार कशी?

रंग काढावा लागेल, म्हटलं. तपासल्याशिवाय झोका नाही.

बाऊजींना ते लागलं. हा हूक रोज टनांनी लोखंड उचलतो, पोरांचं ते काय ओझं, असं त्यांचं म्हणणं. त्यातून पूजा झालेल्या वस्तूला खरवडायचं म्हणजे! मीही वैतागले होते. लोखंड उचलून उचलूनच हूक थकतो, आणि थकलेला हूक कधी तुटेल ते सांगून तुटत नाही, हे मी त्यांना जरा चढ्या आवाजातच ऐकवलं. मग हूकसमोर हात जोडून ते काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी मला मान हलवून खूण केली.

रंग काढायचं रसायन लावून फडक्याने रंग उतरवला, हूक स्वच्छ केला, त्यावर तपासणीचा लाल द्रव फवारला. भेग असेल तर तो आत शिरतो. मग थांबायचं. या कामात थांबणंच फार. पोरं येऊन भोवती बसली. धूर, ऊन, झेंडूचा वास, आणि मधोमध तो लाल हूक. मला वाटत होतं ही सकाळ अशीच लांबत जावी, पुढचं काही कळूच नये. शेवटी लाल द्रव पुसून टाकला आणि वर पांढऱ्या पावडरचा फवारा मारला. हूक रांगोळीसारखा पांढराशुभ्र झाला.

आणि त्या पांढऱ्यावर, आतल्या वळणावर, एक लाल रेघ हळूहळू उमटली. आधी केसाएवढी. मग ठळक, आणखी लांब.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती जादूच वाटली. बाऊजींनी मात्र रेघेकडे बघितलं, मग झोक्याकडे, आणि जवळच्या स्टुलावर बसले.

"पिछले साल भी इसी पर झुलाया था," ते म्हणाले. मागच्या वर्षी ही भेग होती का, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. भेगेकडे बघून तिचं वय सांगता येत नाही. त्यांनी एकेका पोराला जवळ बोलावलं आणि डोक्यावरून हात फिरवत राहिले. पोरं बिचारी गोंधळून उभी.

क्रेन बंद करून मी कुलूप घातलं. नातीने ते सगळं बघितलं आणि तिला कळलं, की झोका गेला आणि तो या बाईने घालवला. प्रसादाची थाळी तिच्याकडे होती. सगळ्यांना बुंदी वाटत ती माझ्यापर्यंत आली, थाळी पाठीमागे लपवली आणि म्हणाली, "आपको नहीं दूँगी."

बाऊजी तिला रागवायला उठले. मी त्यांना थांबवलं. माझे डोळे भरून आले होते आणि तिला ते दिसू द्यायचं नव्हतं. गाल फुगवून, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून ती माझ्यावर रुसून उभी होती, आणि मला तिला तसंच बघत राहावंसं वाटत होतं.