खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

काळ्या स्क्रीनवर दोनच अक्षरं होती. LI. त्यांच्यापुढे काहीच नाही. आणि टेबलापुढे मी, दसऱ्याची नवी काठापदराची साडी नेसून, गुडघ्यांवर.

बाहेर शोरूममध्ये गिऱ्हाइकं हार घेऊन उभी होती. दुचाकींच्या शोरूमला दसऱ्याएवढा मोठा दिवस नाही. गाडी बाहेर काढायची तर बिल आणि विम्याचा कागद कॉम्प्युटरमधूनच निघायचा. कुणाला कुठली गाडी द्यायची, तेही त्यातच. हाताने फाडायची बिलबुकं मीच मोठ्या तोऱ्यात बंद करवली होती. "आण्णा, कागदाचा जमाना गेला," असं म्हणाले होते. काय ते शहाणपण!

आण्णा म्हणजे मालक. मी त्यांच्याकडची कॉम्प्युटर बघणारी एकुलती एक बाई. तेव्हा कोल्हापुरात लिनक्स म्हटलं की लोकांना साबणाचं नाव वाटायचं. विंडोजच्या जागी मी ते आण्णांच्या गळी उतरवलं होतं. "हे कधी बंद पडत नाही," ही माझी जाहिरात. सर्व्हर किती दिवस न थांबता चालतोय तो आकडा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. आता नातवाचे नवे दात दाखवते, तसाच.

श्रावणात पुण्याचा एक इंजिनिअर येऊन सिस्टीम अपडेट करून गेला. म्हणजे जुने प्रोग्रॅम काढून त्यांच्या जागी नवे बसवले. चहा प्यायला आणि निघाला. सर्व्हर चालूच राहिला. मग आली खंडेनवमी, यंत्रांच्या पूजेचा दिवस.

"आण्णा, सर्व्हर बंद करायचा नसतो," मी म्हटलं.

"का? त्यो काय लाटसाहेब हाय? वर्कशॉपचा कॉम्प्रेसर झोपतोय, हवेचा पंप झोपतोय. ह्योबी झोपंल की एक रात."

बंद केला. हळदकुंकू, झेंडूचा हार, अक्षता, पुढ्यात नारळ. आणि दसऱ्याच्या सकाळी LI.

"नारळाचं पाणी गेलंय आत," आण्णांचे मेहुणे सुरेशराव म्हणाले. त्यांचं स्वतःचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि हा सर्व्हर त्यांच्याकडून घेतला नव्हता, हे ते विसरले नव्हते. "दाजी, फॉरमॅट मारतो. दुपारपर्यंत विंडोज टाकून देतो."

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं. बॅकअप होता, पण आठवड्यापूर्वीचा. दसऱ्याची निम्मी बुकिंगं त्यानंतरची. ती सगळी गेली असती.

"आण्णा, बहुतेक एमबीआर करप्ट झालाय," मी म्हणाले. घाबरले की मला इंग्रजी फुटायचं.

"मॅडम, मला कळंल असं बोला. गाड्या सुटतील का न्हाय?"

तेवढ्यात कुरुंदवाडच्या मालनताई कांबळे थेट आत आल्या. मागे त्यांची लेक शोभा. ती नर्स, हातकणंगल्याजवळच्या उपकेंद्रात नुकतीच लागलेली. तिच्यासाठी स्कूटर घेतली होती. घरातली पहिली गाडी.

"मॅडम, आज मिळंल न्हवं? आमच्यात आजचा दिस लई मोठा. सांच्याला विहारात कार्यक्रम हाय. पोरगी स्वतःच्या गाडीवरनं येणार म्हणून गल्लीभर सांगून बसलोय."

"आई, गप की!"

"गप कशापायी? सांगितलंय ते सांगितलंय."

त्या दोघींपुढे मला इंग्रजी सुचेना. मग डोकं चालायला लागलं.

लिनक्सला जागं करणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. आमच्या सर्व्हरवर तो लिलो होता. मशीन सुरू झालं की तो स्वतःच्या नावाची चार अक्षरं एकेक करून स्क्रीनवर टाकतो. जेवढी अक्षरं, तेवढी वाट चालून झाली. दोनवर थांबला म्हणजे निम्म्या वाटेत अडकला. नारळाच्या पाण्याने मशीन मेलं असतं, तर एकही अक्षर आलं नसतं.

"आण्णा," मी म्हटलं, "तुमची म्हैस संध्याकाळी आपली आपण घरी येते ना? तुम्ही गोठा मागच्या गल्लीत हलवला आणि तिला एकदाही तिकडं नेलं नाही, तर?"

"जुन्या दारात हुबी ऱ्हाऊन हंबरंल."

"हा लिलो तसाच. तो फाइलचं नाव बघत नाही, डिस्कवरची जागा पाठ करतो. अपडेटमध्ये जागा बदलली. नवी जागा दाखवायला एक कमांड द्यायची असते, ती राहिली. सर्व्हर चालू होता तोवर त्याला घर शोधायची वेळच आली नाही."

"आणि आमचा डेटा?"

"गोठ्यात. सगळा शाबूत."

"मग दावा की तिला गोठा!"

दाखवायला आधी आत शिरायला हवं. त्यासाठी बूट फ्लॉपी असते, लिलोला बाजूला ठेवून मशीन सुरू करणारी. सर्व्हर बसवला तेव्हाच मी ती करून कपाटात ठेवली होती. घातली. घर्र, घर्र, आणि एरर.

"बघा, हार्डवेअरच गेलंय," सुरेशराव खुशीत आले.

मी बॅटरीचा उजेड पाडला. फ्लॉपीच्या फटीत अक्षता आणि झेंडूची पाकळी. उघडं तोंड दिसल्यावर कुणीतरी सर्व्हरला घास भरवला होता. हेअरपिनने पाकळी निघाली, तांदूळ आणखी आत गेले. मग मी वर्कशॉपमधून स्क्रूड्रायव्हर मागवला, काउंटरच्या कॉम्प्युटरची फ्लॉपी ड्राइव्ह काढली आणि सर्व्हरला जोडली. नव्या साडीला ग्रीस लागलं ते तसंच आहे अजून.

सुरेशराव विंडोजची सीडी हातात धरून उभेच. "दाजी, उशीर व्हायला लागलाय."

"पावणं, दम धरा जरा. म्हस माझी हाय."

फ्लॉपी फिरली. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. मी लॉगिन केलं, नवी जागा दाखवणारी ती राहिलेली कमांड टाइप केली, एंटर दाबलं. एक ओळ आली: लिनक्स जोडलं. बस्, एवढंच. फ्लॉपी काढून मशीन पुन्हा सुरू केलं. एल. आय. एल. ओ. आणि मग बाकी सगळं धडाधड.

"मॅडमनं म्हस गोठ्यात घातली!" आण्णा अशा आवाजात ओरडले की बाहेरच्या गिऱ्हाइकांना शोरूममध्ये खरंच म्हैस शिरल्यासारखं वाटलं.

पहिलं बिल कांबळ्यांचं काढलं. शोभा गाडीवर बसली, मागे मालनताई, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. "हळू चालीव," असं त्या म्हणत होत्या, गाडी अजून स्टँडवर असतानाच. संध्याकाळपर्यंत बुक झालेली एकही गाडी शोरूममध्ये उरली नाही.

पुढे सुरेशराव एकदा एकटेच आले आणि ती कमांड विचारू लागले. मी आधी त्यांना चहा पाजला, मग घरच्यांची चौकशी केली, मग आणखी एक चहा पाजला. तेव्हा कुठे सांगितली.

पुढची कितीतरी वर्षं मी बऱ्याच ठिकाणी सर्व्हर सांभाळले. नियम एकच ठेवला. अपडेट झाला की मशीन लगेच बंद करून पुन्हा चालू करायचं. आणि ते नीट उठेपर्यंत अपडेट करणाऱ्याला चहा द्यायचा नाही.