आजची पाळी

मंडळी, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. विहिरीच्या काठावर ठेवलेला माझा चहा मुंग्यांनी लाटला.

पाऊस तीन आठवडे नाही, म्हणून सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लागल्यात. गेल्या खेपेला शेजारच्या गंगूकाकूंनी आपली पाळी मला दिली आणि माझी कपाशी वाचली. आता त्यांच्याच ज्वारीची पानं सुरळीसारखी वळलीत.

"काकू, आजचं पाणी तुम्ही घ्या."

"काऊन बे, उपकार फेडून राह्यला का? तुह्याच कपाशीले पाज."

एवढं बोलून त्या निंबाखाली आडव्या झाल्या.

सरीतून पाणी चाललं की आख्खं शिवार झोपेत पुटपुटल्यासारखं वाटतं. तुमच्याकडं देतं का कुणी आपली पाळी?

काकूंचा डोळा लागला, तसं मी फावड्यानं बांध फोडून पाणी त्यांच्या ज्वारीत वळवलं.