सुतकातले गहू

आजेसासूबाई वारल्या त्या दिवशी सकाळीच मी कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. (दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. तो पुढं मी लावून दिला!)

पोलीस ॲक्शनला दोनचार वर्षं झाली असतील. औरंगाबादेत आमचं दोन खोल्यांचं घर, आणि लग्नानंतरचा माझा पहिला उन्हाळा. कुरडयांच्या गव्हाचं पाणी रोज बदलावं लागतं. तेव्हा कुठं ते बेतानं आंबतात. पण म्हातारीला जमिनीवर घ्यायला जागा हवी म्हणून मी मडकं माझ्या बाजेखाली ढकललं, वर पोतं टाकलं आणि रडायला बसले. रडायचं काम मला फार छान जमायचं. त्या नादात गहू डोक्यातून पार गेले.

घरात सुतक. चूल बंद, भाकरी शेजारून यायची. मडक्यातल्या जंतूंना मात्र सुतक नव्हतं! ऐन वैशाखात त्यांचं काम जोरात चाललं होतं.

पहिल्यांदा नाक मुरडलं ते सासूबाईंच्या नणंदेनं. ती सिल्लोडहून आली होती.

"वयनी, कसला गं वास हा?"

"उंदीर मेला असंल."

मी पडले मॅट्रिक पास! "जंतू झालेत. फिनेल टाका," असा हुकूम सोडला. आमच्या ह्यांनी बाटलीभर फिनेल ओतलं, माळा उपसला, उंदीर काही सापडला नाही. आता घराला कुजका वास अधिक फिनेल, असा सरकारी दवाखान्याचा दरवळ सुटला. भेटायला येणारे नाकाला पदर लावून उंबऱ्यातूनच रडायचे अन् पळायचे.

मग सिल्लोडच्या त्याच नणंदबाई हळूच म्हणाल्या, "मायचा जीव घुटमळायलाय. शेवटी काय मागितलं व्हतं तिनं?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मटणाचा रस्सा. वैद्यानं मना केलतं. मी नाय म्हणले तिला."

त्या दिवसापासून सासूबाईंनी अन्न सोडलं. नुसतं पाणी. दिव्याकडं बघत बसायच्या. आम्ही हातापाया पडलो, पण छे! एके दुपारी उठायला गेल्या अन् कोसळल्या. त्यांना माझ्याच बाजेवर निजवलं. मी खाली बसून वारा घालत होते. माझी सासू उपासानं मरणार, हे मला लख्ख दिसत होतं. पाय लांब केला तो मडक्याला लागला, पोतं सरकलं, आणि…

आत पांढरा फेस, वर काळी बुरशी, अन् वळवळणारे किडे!

"आई, आजी नाय घुटमळत! गहू सडलेत!"

सासूबाईंनी डोळे उघडले. मडक्यात बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"पाणी कुणी बदलायचं व्हतं?"

"मी."

"अन् मी हितं उपाशी मरायले?"

एका हातानं माझ्या पाठीत धपाटा, दुसरा हात भाकरीकडं! पहिला घास त्यांनी रडत रडत गिळला. मग दटावलं, "गहू सडले म्हणून भाईर सांगायचं नाय. माझ्या घराची अब्रू जाईल."

मी मडकं लांब उकिरड्यावर पुरून आले आणि दारामागं खसाखसा न्हाले. वास गेला.

गल्लीतल्या बायांनी हिशेब जुळवला: सून न्हाली, वास गेला! नळावर त्यांनी विचारलं, तेव्हा सासूबाईंनी घराची अब्रू राखली. म्हणाल्या, "व्हय बाई, लई आळशी हाय."

पुढच्या संक्रांतीला सगळ्यांना वाणात कंगवे, करंडे, आरसे मिळाले. मला घरोघरून साबणाच्या वड्या आल्या.