क्लॅरिनेट आणि समोरचा दात

मी ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवते. आमच्या भागात ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो, म्हणून मला लगेच पुढचं सांगावं लागतं: व्हायोलिनांच्या रांगा असलेला, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा, मुंबईच्या सभागृहात वाजणारा. त्यात मी दुसरी क्लॅरिनेटवादक आहे. पहिल्याकडे सुरावट असते, माझ्याकडे बहुतेक वेळा त्याच्या खालचा सूर. हे काम मी चांगलं करते. हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही.

लोकांना वाटतं सगळी करामत बोटांची. बोटं शिकतातच. खरा भार असतो दोन ओठांवर आणि वरच्या समोरच्या दातांवर. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली टेकवायचं, खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा, आणि त्या पकडीतून हवा सोडायची. ही पकड बसायला वर्षं जातात.

मला ती शिकवली पिंपळे गुरवातल्या एका निवृत्त फौजी वादकाने. ते अस्सल इथले, पिंपळे गुरव गाव होतं तेव्हापासूनचे. लष्कराच्या बँडमध्ये आयुष्य काढलेलं. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणायची. आम्ही लातूरकडून आलेलो. वडील चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकण्याच्या खात्यात होते आणि आमची भाड्याची खोली उस्तादांच्या घराला लागून होती. रोज सकाळी ते गच्चीवर उभे राहून एकच सूर लांबवायचे. आठवीत असताना मी एकदा वर गेले आणि विचारलं, तुम्ही गाणं का वाजवत नाही? ते म्हणाले, हा एक सूर नीट लागला की वाजवीन. मग हातातली क्लॅरिनेट माझ्याकडे दिली.

आई आधी नाराज होती. मुलगी लग्नाच्या बँडात जाणार की काय, अशी तिला धास्ती. वडिलांनी मात्र एकदा गच्चीवर येऊन, जिन्याच्या पायरीवर बसून ऐकलं आणि खाली जाऊन तिला सांगितलं की पोरगी काहीतरी शिकतीय, शिकू दे. मी डिप्लोमा केला, चाकणलाच क्वालिटी विभागात नोकरीला लागले, आणि शिफ्टच्या आधी किंवा नंतर उस्तादांकडे जात राहिले. मुंबईच्या ऑर्केस्ट्राला वादक हवे आहेत हे त्यांच्या जुन्या पलटणीतल्या कुणाकडून तरी कळलं. उस्ताद म्हणाले, जाऊन ये.

तिथे निवड पडद्याआडून करतात. वाजवणारा पडद्याच्या एका बाजूला, ऐकणारे दुसऱ्या बाजूला. बाई आहे की बाप्या, गोरा की काळा, काही दिसत नाही. पावलांच्या आवाजावरूनही अंदाज येऊ नये म्हणून खाली जाड सतरंजी अंथरली होती. वाजवून झाल्यावर पलीकडून फक्त एवढंच आलं, की शेवटचा भाग पुन्हा, पण हळू आवाजात. मी तो उस्तादांच्या गच्चीवर वाजवायचे तसा वाजवला. निवड झाली आणि मी कंपनी सोडली.

ऑर्केस्ट्रा बारा महिने चालत नाही. वर्षातून काही आठवडे सगळे जमतात, तालमी होतात, कार्यक्रम होतात, पुन्हा पांगतात. मधल्या काळात मी जवळच्याच माण गावातल्या एका शाळेत मुलांना शिकवते आणि मुंबईत सिनेमाच्या पार्श्वसंगीताची रेकॉर्डिंगं करते. वाकडहून बस पकडायची, दोन तास झोपायचं, वाजवून परत यायचं. वडील पहिल्या कार्यक्रमाला आले तेव्हा त्यांना एकच गोष्ट खटकली. मी मध्ये बराच वेळ क्लॅरिनेट मांडीवर ठेवून नुसतीच बसले होते. परत येताना म्हणाले, "आमच्याकडं इतका वेळ हात बांधून बसलं तर सुपरवायझर मेमो देतो." मी त्यांना समजावलं, की मी तेव्हा मनात मात्रा मोजत असते आणि एक जरी चुकली तर सगळ्यांच्या आधी मीच वाजवायला लागेन. त्यावर त्यांनी मान डोलावली. त्यानंतर ते कार्यक्रमाला आले की मी बसलेले असताना माझ्याकडेच बघत असत.

असं छान चाललेलं असताना, ऑर्केस्ट्राचा हंगाम तोंडावर आलेला असताना, मी पडले. माणची शाळा सुटल्यावर पुनावळ्यावरून घरी निघाले होते. हायवेच्या पुलाखाली कुणीतरी खडी सांडून ठेवलेली, स्कूटर त्यावरून घसरली आणि मी हँडलवर तोंडाने आपटले. शेजारच्या गॅरेजमधले चाचा धावत आले. त्यांनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं, स्कूटर उचलून कडेला लावली. तोंडात रक्त होतं, पण मी आधी क्लॅरिनेटची पेटी उघडली. तिला काही झालं नव्हतं. मग चाचांनी गाडीचा एक जुना आरसा पुसून माझ्यासमोर धरला, आणि वरचा समोरचा दात मुळाजवळून तुटलेला मी पाहिला.

माझी दातांची डॉक्टर पिंपळे गुरवातलीच, माझ्याच वयाची बाई. तिने एक्स-रे काढला आणि स्पष्ट सांगितलं की मूळच चिरलंय, ते काढावं लागेल. हाडात नवा दात बसवता येईल, पण हाड भरून यायला काही महिने लागतील. तोवर दिसण्यापुरता तात्पुरता दात लावून देते.

"त्यावर क्लॅरिनेट टेकवता येईल?" मी विचारलं.

"नाही. हसता येईल," ती म्हणाली.

मी घरी येऊन खूप रडले. नवऱ्याने मला रडू दिलं, आणि हे फार बरं झालं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या पहिल्या क्लॅरिनेटवादकाला फोन केला. हे गोव्याचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे, मी त्यांना सर म्हणते. वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसल्यामुळे त्यांचा श्वास कधी संपत आलाय हे मला त्यांच्या खांद्यावरून कळतं. लपवण्यात अर्थ नव्हता. झालं ते सगळं सांगितलं.

त्यांनी आधी जखम कशी आहे ते विचारलं. मग म्हणाले, दुसरं कुणी शोधू का, हे तूच मला सांग, मी तुझ्यावर सोडतो. मी म्हटलं, तालमींच्या आधी एकदा मला ऐका आणि मग ठरवा. हे मी कशाच्या जोरावर बोलले ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

जखमेचे टाके निघाले तशी मी उस्तादांकडे गेले. ते आता पार थकलेले, गच्चीवर जात नाहीत, पुढच्या खोलीत खिडकीशी बसतात. मी तोंड उघडून दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं, मग उठून आतून एक स्टीलची वाटी आणली, स्वतःची कवळी काढून तीत ठेवली आणि माझी क्लॅरिनेट मागितली. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे जात होते, पण त्यांच्या वरच्या दातांची कवळी आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी दोन्ही ओठ आत दुमडले, वरचाही आणि खालचाही, आणि त्या मऊ पकडीत तोंड धरून एक सूर लावला. बारीक होता, पण थरथर नव्हती.

मग कवळी परत बसवून म्हणाले, "दात गेला म्हंजी वाजवनं गेलं न्हाई, पोरी. आमच्यातले लई जण असंच वाजवायचे. उद्यापास्नं ये."

मी रोज जाऊ लागले. सगळं पहिल्यापासून सुरू झालं. वरचा ओठ दातांवर दुमडला की तो आतून सोलवटतो, आणि थोड्याच वेळात त्यातला जीव जातो. वाद्याचा भार ओठावर नको म्हणून खाली बसून त्याचं टोक गुडघ्यांच्या मध्ये टेकवायचं. वरचे सूर फुटायचे, मोठा आवाज निघायचाच नाही. उस्तादांनी मला एकही गत वाजवू दिली नाही. फक्त खालचे सूर, एकेक, जितके लांब निघतील तितके. ओठ दुखायला लागला की मला थांबवायचे आणि चहा ठेवायला सांगायचे. मी एकदा चिडून म्हटलं की वेळ फार थोडा आहे, मला माझा भाग तरी वाजवू द्या. ते म्हणाले, भाग तुला पाठ हाय, ओठाला न्हाई.

हळूहळू मला काहीतरी वेगळं ऐकू यायला लागलं. दात मध्ये नसल्यामुळे कवटीत जो कंप जायचा तो जात नव्हता, आणि सूर मला माझ्या डोक्याबाहेर, खोलीत ऐकू येत होता. खालचे सूर गोल झाले होते. पूर्वी ते मी दाबून धरायचे, आता ते आपणहून बसत होते. एका सकाळी उस्तादांनी मला मध्येच थांबवलं नाही. मी सूर सोडला तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, आता भाग वाजव.

तालमींच्या आधी मी मुंबईला सरांच्या घरी गेले. आम्ही त्या वर्षीच्या सिंफनीतला संथ भाग घेतला. त्यात त्यांची सुरावट वर तरंगत असते आणि तिच्याखाली माझे लांब, खालचे सूर. संपल्यावर ते म्हणाले, पुन्हा. पुन्हा वाजवलं. मग त्यांनी क्लॅरिनेट खाली ठेवली आणि विचारलं की तू काय केलंस. मी ओठ दाखवले.

"तुझा सूर आधी माझ्या शेजारी असायचा," ते म्हणाले. "आता तो माझ्याखाली आहे. असाच राहू दे."

शेवटचा भाग मात्र जोरकस होता आणि तो मला पेलणार नव्हता. मी तसं सांगितलं. आम्ही दोघांनी बसून त्यातल्या काही उंच, मोठ्या आवाजाच्या जागा निवडल्या, जिथे ट्रम्पेट आणि ड्रम असताना दुसरी क्लॅरिनेट कुणालाच ऐकू जाणार नाही, आणि तिथे मी थांबायचं ठरलं. समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या संचालकांना सरांनीच सांगितलं. संचालक म्हणाले, संथ भाग असा ऐकू येत असेल तर माझी हरकत नाही.

कार्यक्रमात संथ भाग आला तेव्हा मला भीती वाटली नाही. वरच्या ओठाला आत एक जखम होती, ती झोंबत होती, पण सूर जिथे हवा होता तिथे होता. सरांचा श्वास संपत आला तेव्हा मी माझा सूर जरा लांबवला, म्हणजे त्यांना घाई करावी लागू नये. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. शेवटच्या भागात ठरलेल्या जागी मी थांबले, इतर जागी वाजवलं. वडील त्या दिवशी पुढच्याच रांगेत होते. नंतर म्हणाले की या वेळी तुला जरा जास्तच बसवून ठेवलं.

पुढे हाड भरलं, पक्का दात बसला. डॉक्टरने मला क्लॅरिनेट घेऊन यायला सांगितलं होतं. तिने मला खुर्चीत बसवून वाजवायला लावलं आणि दाताची कड दोनदा घासून माझ्या पकडीला जुळवली. बाहेर थांबलेले पेशंट आत डोकावून गेले. आता मोठ्या आवाजाला मी दात वापरते आणि खालच्या, हळू सुरांना दोन्ही ओठ. शाळेतल्या मुलांना दोन्ही दाखवते.

दोन हंगामांनंतर सर निवृत्त होऊन गोव्याला गेले. जाताना त्यांनी आणि ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापकांनीही मला पहिल्या खुर्चीसाठी, म्हणजे सरांच्या जागेसाठी, निवडीला वाजवायला सांगितलं. मी चार दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. घरी सगळ्यांना वाटलं मी घाबरले. वडिलांनी विचारलं, बढती कोण सोडतं? मी त्यांना सांगितलं की ही बढती नाही, हे दुसरं काम आहे. सुरावट घेऊन पुढे जाणं मला येतं, पण दुसऱ्याच्या सुराखाली जागा करणं मला जास्त चांगलं येतं, आणि ते करणारे फार थोडे आहेत. ते म्हणाले, तुझं तुला ठाऊक.

पहिल्या खुर्चीवर आता एक तरुण परदेशी मुलगी आली आहे. फार छान वाजवते. पहिल्या तालमीला संथ भाग सुरू व्हायच्या आधी ती माझ्याकडे वळली. रिवाजाप्रमाणे पहिला वादक सूर देतो आणि दुसरा तो जुळवून घेतो. तिने मला विचारलं, तू तुझा खालचा सूर आधी देशील का, म्हणजे मी माझा त्यावर बसवीन. मी दोन्ही ओठ दुमडले आणि सूर दिला.